आठळी, कोय, बाठा : फळाच्या पोटातलं हाड

पानगळ (धागाकर्ती)

मंडळी, आठ-दहा दिवस एकच शब्द डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या सोसायटीतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं काम मी अंगावर घेतलंय. प्रत्येक पाटीवर झाडाचं नाव, कूळ, फुलायचा महिना आणि फळाचा प्रकार. आंब्यापाशी आले आणि अडले. मराठी विश्वकोशात आंब्यासारख्या फळाला 'अश्मगर्भी फळ' म्हणतात. अश्म म्हणजे दगड. ज्याच्या गर्भात दगड ते अश्मगर्भी. अर्थ चोख आहे. पण पाटी वाचणार खाली खेळणारी मुलं, वॉचमनदादा आणि कामाला येणाऱ्या मावशी. त्यांच्यासाठी 'आठळीचं फळ' लिहावं असं मनात आलं, आणि मग आठळी या शब्दाच्याच मागे लागले.

हा शब्द संस्कृत 'अस्थि'च्या घरातला आहे. पाली-प्राकृतात अस्थिचं 'अट्ठि' झालं, मराठीत 'आठी', आणि त्याला ळी लागून आठळी. जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो, ही आपल्या भाषेची जुनी चाल. मुष्टि, मुट्ठि, मूठ. हस्त, हत्थ, हात. तसंच हे.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात अस्थि म्हणजे हाड आणि अस्थि म्हणजे फळातली कोयही. पालीतल्या अट्ठिलाही हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र वाटणी झाली. शरीरातल्या हाडासाठी प्राकृत 'हड्ड'वरून आलेला 'हाड' रुळला, त्याचं कूळ निराळं. 'अस्थी' हा शब्द आपण नंतर संस्कृतातून जसाच्या तसा परत आणला, विसर्जनासाठी आणि अस्थिरोगतज्ज्ञासाठी. पण पिढ्यान् पिढ्या तोंडातून तोंडात झिजत आलेला जो आपला स्वतःचा शब्द होता, तो फक्त फळात उरला. बोर खाऊन आठळी टाकताना आपण तोच जुना हाडाचा शब्द उच्चारतो. ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि लॅटिन 'ऑस' हेही याच मुळाचे.

हे कळलं त्या दिवशी बोरांचा वाडगा समोर घेऊन मी बराच वेळ नुसती बसून होते.

तुमच्याकडे काय म्हणतात? आणि पाटीवर काय लिहू?

---

राजापूरची लेक

पानगळ, धागा फार आवडला. पण आमच्याकडे आंब्याला आठळी म्हणालात तर कोणाला कळायचं नाही हो. आंब्याचा तो बाठा. आठळी फणसाची. पावसाळ्यासाठी आठळ्या धुऊन, वाळवून, मातीत घोळवून ठेवायच्या आणि आषाढात एकेक काढायच्या. आजी चुलीतल्या गरम राखेत पुरायची. फट् असा आवाज आला की झाली. वरचं पांढरं कागदासारखं साल नखाने निघतं, आतलं तांबूस पातळ साल तसंच राहतं, ते खायचं. वरून मीठ.

बाठ्याचे खेळ निराळे. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर टाकलेले बाठे फुटायचे, तांबूस लुसलुशीत पानांचा कोंब वर यायचा. तो बाठा उपटून, टरफल सोलून, आतला गर दगडावर घासायचा आणि फुंकायचा. झाली पिपाणी. अख्खी वाडी वाजत असायची.

हाच कोवळा कोंब कापून त्यावर हापूसची काडी बांधतात, ते कोय कलम. आम्ही घरात बाठा म्हणतो, पण कलमाचं नाव निघालं की सगळे 'कोय कलम'च म्हणतात. बाठा कलम कोणी म्हणत नाही. असं का, ते तुम्ही शब्दांची माणसं सांगा.

---

बार्शीकर

आमच्याकडे आंब्याची कोय, बोराची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी. मराठीने प्रत्येक फळाच्या बीला वेगळं नाव दिलंय आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. चिंचेची कोय म्हणा बरं!

मला मात्र लहानपणापासून वाटायचं की आठळी हा आठ या आकड्यावरून आला असणार. सागरगोटे नसले की आम्ही आठळ्यांनीच खेळायचो, त्यामुळे मोजणी डोक्यात बसली होती. म्हणजे ते चूक?

---

पानगळ

बार्शीकर, चूक म्हणू नका, तुमच्या कानाने बरोबर टिपलंय. अष्टचं प्राकृतात अट्ठ झालं आणि अस्थिचं अट्ठि. दोन निरनिराळ्या गावांहून निघालेले दोन शब्द प्राकृतात शेजारी येऊन बसले आणि मराठीत आठ आणि आठी होऊन जुळ्यासारखे दिसायला लागले. नातं नाही, चेहरा मात्र सारखा.

राजापूरची लेक, कोय कलमाचं म्हणाल तर ती पद्धत कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांमधून आणि रोपवाटिकांमधून गावोगाव गेली. नाव त्या पुस्तिकांबरोबर आलं, बाठा घरात राहिला. मला तरी हेच पटतं.

---

औषधीवेल

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात 50 महाकषाय, म्हणजे औषधी द्रव्यांचे गण, दिले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यातल्या पुरीषसंग्रहणीय गणात, म्हणजे जुलाब बांधून आणणाऱ्या द्रव्यांत, 'आम्रास्थि' आहे. आंब्याचं हाड, म्हणजेच कोय. आजही कोयीतल्या गराचं चूर्ण आम्ही अतिसारात देतो. तुमच्या आज्या मीठ लावून वाळवलेली कोयीची सुपारी जेवणानंतर चघळायच्या, त्यामागेही तेच.

पण मला सगळ्यात प्रिय आहे ती सुश्रुताच्या शारीरस्थानातली चर्चा. प्रश्न असा की गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो? शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी. आणखी मतं येतात. शेवटी धन्वंतरी म्हणतात, सगळी अंगं एकाच वेळी तयार होतात, फक्त सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. दाखला कशाचा? बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याचा! पिकलेल्या आंब्यात केशर, मांस, अस्थि आणि मज्जा वेगवेगळी दिसतात. कोवळ्या फळात तीच असतात, पण कळून येत नाहीत.

हे चारही शब्द एकदा सावकाश वाचा. केशर म्हणजे आंब्याचे दोर. मांस म्हणजे गर. अस्थि म्हणजे कोय. आणि मज्जा म्हणजे कोय फोडल्यावर आत मिळतो तो गाभा. आंबा म्हणजे जणू एक लहानसं शरीरच. पानगळ, तुम्ही म्हणता ते फळातलं हाड ही नुसती उपमा नाही, शिकवण्याची रीत होती ती.

अजून एक. संस्कृतात 'अष्ठीला' असाही शब्द आहे, गोल खडा किंवा गोटा या अर्थाचा. मूत्रमार्गापाशी दगडासारखी गाठ होते त्या विकाराला आमच्या ग्रंथांत वाताष्ठीला म्हटलंय आणि आजच्या परिभाषेत पुरुषांतल्या प्रोस्टेटला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. मला आठळीतला तो 'ळ' अष्ठीलेतल्या 'ल'चाच वाटतो. तुमच्या ळी-प्रत्ययापेक्षा ही वाट सरळ आहे.

---

पानगळ

औषधीवेल, काय सुंदर लिहिलंत! अष्ठीलेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ळ चा खुलासा तुमच्या वाटेने जास्त नीट होतो, मान्य. अर्थाने मात्र अस्थि आणि अष्ठीला दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की बोलणाऱ्यांनी त्यांना वेगळं ठेवलं असेल असं वाटत नाही.

आणि मज्जेवरून आठवलं. कलिंगडाच्या, भोपळ्याच्या बिया सोलून आत निघतो तो मगज. हा फारसी शब्द. तिकडे मग़्ज़ म्हणजे मेंदू, मज्जा आणि बदामाचा गाभाही. फारसी मग़्ज़ आणि संस्कृत मज्जा या एकाच प्राचीन मुळाच्या दोन फांद्या. म्हणजे इराणातसुद्धा फळात शरीरच पाहिलं गेलं. आपण मिठाईवर मगज पेरतो तेव्हा सुश्रुताचाच शब्द फारसी उच्चारात पेरतो.

---

हिरवीफळी

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर पाटीवर चूक जाईल.

कोय म्हणजे बी नव्हे. फुलातल्या अंडाशयाच्या भिंतीचं फळ होतं. त्या भिंतीचे तीन थर. आंब्यात बाहेरचा थर म्हणजे साल, मधला म्हणजे आपण खातो तो गर, आणि सर्वांत आतला थर लाकडासारखा टणक होतो, ती कोय. खरी बी त्या कोयीच्या आत असते. कोयत्याने कोय कडेने उघडून पाहा. आत एक पातळ, तपकिरी, कागदासारखी पिशवी मिळेल आणि तिच्यात मूत्रपिंडाच्या आकाराची बी. पिशवीतून ती सुटी करता येते. आतला थर असा टणक झाला तरच ते अश्मगर्भी फळ.

ही कसोटी लावली की घरातल्या गोष्टी उलट्यापालट्या होतात. नारळ घ्या. सोडण हा मधला थर, करवंटी हा आतला टणक थर. म्हणजे करवंटी ही नारळाची कोय, आणि खोबरं-पाणी हे कोयीच्या आतलं. करवंटीला तीन डोळे असतात, कोंब त्यातल्या एकातूनच येतो. शाळेच्या आवारातला देशी बदाम, जो मुलं दगडाने ठेचून खातात, तोही अश्मगर्भी. हिरडा-बेहडा त्याचेच भाऊबंद.

उलट खजूर घ्या. त्याची बी दगडासारखी, पण ती खरोखर बीच आहे, भिंतीचा थर नव्हे. म्हणून खजूर हे मृदुफळ. जांभूळही मृदुफळ, जरी सगळेजण जांभळाची आठळी म्हणत असले तरी.

आणि फणस! अख्खा फणस म्हणजे एक फूल नव्हे, फुलोरा. शेकडो फुलांचं मिळून झालेलं संयुक्त फळ. गरा म्हणजे त्या एकेका फुलाचं मांसल झालेलं वेष्टन. त्यातली आठळी म्हणजे बीच, तिच्याभोवती लाकडी कोय नाही.

तेव्हा पानगळ, 'आठळीचं फळ' लिहिलंत तर कोकणातला माणूस म्हणेल की हे फणसाचं वर्णन. आणि फणस अश्मगर्भी नाही. ही अडचण खरी आहे.

पाश्चात्त्य शास्त्रीय शब्दाबद्दलही सांगतो. लॅटिनमध्ये या फळाला 'ड्रूपा' म्हणतात. 1751 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने फळांचे प्रकार मांडले त्यात हा शब्द आहे. मुळात तो फक्त ऑलिव्हचा होता, जास्त पिकून सुरकुतलेल्या ऑलिव्हचा. लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला, आणि ग्रीकमध्ये 'झाडावर पिकलेलं' या अर्थाच्या जोडशब्दाशी त्याचं नातं सांगतात. त्या जोडशब्दातला 'पिकलेलं' हा भाग आणि आपलं 'पक्व' एकाच मुळाचे. शिजवणं आणि पिकणं दोन्हींसाठी एकच धातू. आपल्याकडेही पक्वान्न शिजतं आणि आंबा पिकतो. काकडी-भोपळ्याच्या फळाला शास्त्रात 'पेपो' म्हणतात, तोही तिथलाच. तिकडच्या नावात पिकणं आहे, आपल्या नावात हाड. मला आपलं नाव शास्त्राला जास्त जवळचं वाटतं, कारण ते फळाची रचना सांगतं.

---

बार्शीकर

करवंटी म्हणजे कोय! हे वाचून स्वयंपाकघरात गेलो आणि नारळ हातात घेऊन पाहिला. तीस वर्षं नारळ फोडतोय, कधी असा पाहिला नव्हता.

---

मेपलच्या देशातून

इथे उन्हाळ्यात पीच, प्लम, चेरी यांचे ढीग लागतात. सगळी आठळीवालीच. मुलगी इथेच जन्मली. तिला मी पहिल्यापासून 'आठळी गिळू नको' असंच सांगत आले, त्यामुळे तिच्या मराठीत पीचलाही आठळी आणि चेरीलाही आठळी. आईकडे गेलो की आई म्हणते, अगं आंब्याला कोय म्हणावं. ती ऐकत नाही. हिरवीफळी सरांचं वाचून वाटतंय की तिने नकळत शास्त्रीय वर्ग पाडलाय.

---

अमरवेल

अश्मगर्भी या शब्दाची बाजू घ्यायला आलो होतो, पण एक अडचण घेऊन आलोय. अमरकोशात 'गारुत्मतं मरकतमश्मगर्भो हरिन्मणिः' अशी ओळ आहे. चारही नावं पाचूची. म्हणजे संस्कृतात अश्मगर्भ म्हणजे दगडाच्या गर्भातून निघालेलं रत्न. परिभाषा करणाऱ्यांनी तोच समास उलटा वाचला, दगड ज्याच्या गर्भात आहे ते. व्याकरणाने दोन्ही विग्रह होतात, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. शेवटच्या ईकाराने तो रत्नापासून वेगळाही झालाय. पण 'आम्रास्थि' इतकी जुनी आणि रुळलेली असताना 'अस्थिगर्भी' का नाही केलं, हा प्रश्न मला छळतो. ते केलं असतं तर अस्थि-आठळी-कोय अशी साखळी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आली असती.

बृहदारण्यक उपनिषदातही झाडाची तुलना माणसाशी केली आहे. साल म्हणजे कातडी, आतलं लाकूड म्हणजे अस्थी, गाभा म्हणजे मज्जा. औषधीवेल यांनी दिलेल्या आंब्याच्या दाखल्याच्या आधीचा हा विचार.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. फणसाच्या आठळीला आमच्या कोंकणीत भिकणां. पावसात सुक्या बांगड्याबरोबर घालतात.

काजूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून हे झाड आणलं आणि नावही तिथल्या तुपी भाषेतलं, पोर्तुगीजमार्गे आलेलं. पण ज्यापासून फेणी काढतात त्या रसाळ भागाला मराठीने परकं नाव घेतलं नाही, बोंडू म्हटलं. बोंडू हे फळ नाही, फुगलेला देठ आहे. खरं फळ खाली लोंबतं ते, काजूची बी म्हणतात ती. भाषेने इथे दोघांना दोन नावं देऊन घोळ आधीच टाळलाय.

---

तेंदूपान

मांडवीकाठ, काजूचाच देशी भाऊ आमच्या विदर्भात आहे, बिब्बा. एकाच कुळातले. त्यातही खाली नारिंगी मांसल भाग आणि टोकाला काळं कठीण फळ. ते फोडून आतली गोडंबी काढतात, डिंकाच्या लाडवात घालायला. पण कवचातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात. माझी मावशी हातांना राख चोळून बसायची आणि दगडावर एकेक बिब्बा उभा धरून, वाकून, तोंड दूर ठेवून फोडायची. तिच्या अंगठ्याशेजारी कायमचा काळा डाग होता. पावशेर गोडंबीला अख्खी दुपार जायची. बाजारात भाव ऐकून लोक महाग म्हणतात तेव्हा मला तो डाग आठवतो.

चारोळीसुद्धा त्याच कुळातली, आणि तीही कोय फोडून काढलेली. जात्यावर हलकेच भरडून काढतात. या कुळाला हाड फार प्रिय आहे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी, चौघांनाही आपलं बी कवचाआड ठेवायचंय.

---

राजापूरची लेक

मग एक विचारते. आमच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने 1992 साली 'सिंधू' आंबा आणला, रत्ना आणि हापूसचा संकर. त्याचा बाठा इतका पातळ आणि लहान की लोक बिनबाठ्याचा म्हणतात. तो अश्मगर्भी की नाही?

---

हिरवीफळी

अश्मगर्भीच. प्रकार ठरतो तो भिंतीच्या थरांवरून. सिंधूत तो थर आहे, फक्त खुरटलाय, आणि आतली बीही नावापुरती. हाड बारीक असलं तरी हाडच. तुम्ही ताडगोळा पाहिलाय ना? तेही अश्मगर्भी, एका फळात बहुधा तीन कोया. आपण खातो तो मऊ पाणीदार गोळा म्हणजे कोवळी बी. पिकेपर्यंत थांबलात तर त्याच जागी नारळासारखं टणक काहीतरी मिळेल.

---

पानगळ

ठरलं. काल रविवारी सोसायटीतल्या नऊ मुलांना घेऊन बसले. प्रत्येकाला अर्धवट चोखलेला एक रायवळ, आणि कोयत्यासाठी आमचे माळीकाका. त्यांनी कोय उभी धरून कडेला एकच घाव घातला, दोन फाका झाल्या. आत हिरवीफळी सर म्हणाले तशी कागदी पिशवी, आणि पिशवीत ओलसर पांढरट बी. एका मुलाच्या कोयीत मात्र भुंग्याची अळी निघाली आणि सगळे किंचाळले. मग मी सुश्रुताचे चार शब्द फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाने आपापल्या हातातल्या आंब्यावर बोट ठेवून दाखवले. केशर म्हणजे दातात अडकतं ते, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पाटीवर असं जातंय : 'फळ : कोयीचे (अश्मगर्भी). आत कोय, कोयीत बी.' खाली छोट्या अक्षरात 'कोय = बाठा = आम्रास्थि'. देशी बदामाच्या पाटीवर कोयीऐवजी आठळी. नारळाच्या पाटीवर 'करवंटी हीच याची कोय'. फणसाला 'संयुक्त फळ, आठळी म्हणजे बी'. सरांनी एकदा नजर घालावी ही विनंती.

अमरवेल, 'अस्थिगर्भी' मलाही भावला, पण पाटीवर एकटीने नवा शब्द सुरू करायचं धाडस होत नाही.

---

हिरवीफळी

पाहिलं, सगळं बरोबर आहे. फक्त नारळाच्या पाटीवर तीन डोळ्यांचं चित्र काढा, मुलं शोधतील.

---

राजापूरची लेक

आज आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. लोणच्याची कैरी घेताना ती टोपलीतली एक उचलून बाजारातच टोकाकडून सुरीने कापते. सुरी सरळ खाली गेली तर टोपली परत. 'अजून बाठा धरलेला नाही, फोडी विरघळतील.' सुरी अडली की घ्यायची. धन्वंतरींचं ते वाक्य, कोवळ्या फळात अस्थी असते पण कळून येत नाही, मी दोनदा वाचलं. आई म्हणाली, 'डोळ्यांना नाही कळत. सुरीला कळतं. चैत्राच्या शेवटी बघ.'